कोरं कापड

पुण्याला हेमलताच्या माहेरी एक झबलं होतं. पांढऱ्या मलमलीचं, गळ्याशी लाल दोऱ्याची बारीक वेल काढलेलं. ते सात पोरांच्या अंगावरून गेलेलं होतं आणि त्यातली दोन तर आता मिशा फुटून कॉलेजात जात होती. मूल जन्मलं की पहिल्या दिवशी त्याला नवं कापड घालायचं नाही, कुणातरी धडधाकट पोराच्या अंगावरचं जुनं घालायचं, ही तिकडची रीत. त्यामुळे झबली, टोपडी, कुंच्या कायम या घरातून त्या घरात फिरतीवर असत, आणि अमुक कुंची मुळात कुणाची यावरून दोन सख्ख्या जावा तीन वर्षं एकमेकींशी बोलत नसत.

बंगलोरला ही सोय नव्हती. रत्नाकर विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला, पंचावन्न साली त्यांचं बिऱ्हाड मल्लेश्वरममध्ये अकराव्या क्रॉसला, म्हणजे अकराव्या आडव्या गल्लीत, आलं, सत्तावन्नच्या जानेवारीत नयना झाली. ती बाळसेदार पोर महिन्यामहिन्याला कपड्यांतून बाहेर पडायची आणि ते द्यायला शंभर कोसांत नात्यातलं एक मूल नाही. टाकून द्यायचं हेमलताच्या जिवावर येई. मग तिनं त्यांची खेळणी करायला घेतली.

हात तिचा विलक्षण. पायमोज्याचा ससा झाला, कुंचीचा हत्ती झाला, दोन टोपड्यांचा मिळून चेंडू झाला. आत सावरीचा कापूस आणि डोळ्यांना बटणं. हत्तीचे डोळे आपल्या चांगल्या शर्टाचे आहेत हे लक्षात आलं तेव्हा रत्नाकर म्हणाला, "उद्या मी आंघोळीला गेलो की माझ्या विजारीचा उंट करशील तू."

"उंटाला कापड फार लागतं," हेमलता म्हणाली. "तुमची विजार पुरायची नाही." रत्नाकर अंगानं काडीसारखा होता.

घराची पुढची बाजू घरमालकीणबाईंची, मागच्या दोन खोल्या यांच्या, मध्ये लाल गुळगुळीत फरशीचा चौक आणि वर आभाळ. मालकीण कृष्णाबाई. सत्तरी गाठलेल्या, पोरबाळ नसलेल्या विधवा. त्यांचे पणजे-खापरपणजे कधीतरी दक्षिणेत येऊन राहिलेले, त्यामुळे घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कानडी असं मुरलेलं की हेमलताला पहिले सहा महिने निम्मं कळायचं आणि निम्म्याला ती नुसती मान हलवायची. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून हेमलताही अक्का म्हणू लागली.

या अक्कांचा दसरा म्हणजे बाहुल्यांचा. नवरात्राच्या पहिल्या दिवशी पुढच्या दालनात सात पायऱ्या मांडायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं आणि फणसाच्या लाकडाच्या भल्यामोठ्या पेटीतून काढून काढून बाहुल्या बसवायच्या. सगळ्यांत वर रक्तचंदनाचे राजा-राणी. खाली वाणी, वाणीण, शिपाई, देव, हत्ती, लग्नाची वरात. दहाव्या दिवशी दिवेलागणीला आरती करून त्यांना निजवायचं, जुन्या लुगड्यांत गुंडाळून पेटीत ठेवायचं, वर कापूर आणि मिरी टाकायची, आणि पेटीला जे कुलूप लागायचं ते पुढच्या नवरात्रापर्यंत. मध्ये उघडायचं नाही. आणि दर वर्षी एक तरी नवी बाहुली आलीच पाहिजे.

एकोणसाठ साली भाद्रपदात अक्का न्हाणीघरात घसरल्या.

"हेमू, औंदा मला पेठेपर्यंत जाववत नाही गे," त्या बाजेवरून म्हणाल्या. "तुझा हात चांगला. स्वल्प एक गोंबे करून दे की, नवी बाहुली."

"देते की अक्का. त्यात काय मोठंसं."

"कापड मात्र कोरं घे बघ. अंगातलं नको."

हेमलता आणणारच होती कोरं कापड. पण त्या आठवड्यात नयनाला खोकला झाला, आज जाऊ उद्या जाऊ करता करता अमावास्या आली आणि आठव्या क्रॉसच्या कापडवाल्यानं नेमकं दुकान बंद ठेवलं. ट्रंक उघडून पाहते तो वरच नयनाचा पिवळा फ्रॉक. छातीवर हिरव्या दोऱ्याच्या चुण्या, वर्षभर अंगावर मिरवलेला, आता काखेत काचणारा. तिनं तोच घेतला. त्याच्याच आतल्या शमीजचं अंग केलं, काळ्या लोकरीचे केस लावले, फ्रॉक कापून घोट्यापर्यंत घोळदार शिवला आणि कडक कांजी करून त्यावर असा इस्त्रीचा हात फिरवला की कापड कागदासारखं वाजू लागलं. बाहुली दीड वीत झाली.

अक्कांनी तिचा फ्रॉक दोन बोटांत धरला. "कोरं ना गे?"

"कोरंच, अक्का. कांजी लागत नाही का हाताला?"

एवढंच खोटं. याहून मोठी खोटी बोलून माणसं सुखानं नातवंडं खेळवतात.

पिवळी बाहुली चौथ्या पायरीवर बसली. बघायला येणाऱ्या बायका तिचंच कौतुक करून खोबऱ्याच्या वड्या खाऊन गेल्या. दहाव्या दिवशी अक्कांनी तिला खालच्या थरात निजवलं, तिच्यावर राजाला ठेवलं, कापूर टाकला आणि झाकण लावलं. हेमलताच्या मांडीवर बसून हे सगळं टकामका बघणाऱ्या नयनानं झाकण बसता बसता जांभई दिली आणि तिथल्या तिथे झोपून गेली.

दिवाळीला हेमलतानं तिला नवा फ्रॉक शिवला. नेहमीसारखा खाली तीन बोटं दाब घातला, म्हणजे संक्रांतीला उसवला की पोर उन्हाळ्यापर्यंत निभावते. संक्रांत आली. फ्रॉक अंगात घालून पाहिला तर गुडघ्याच्या खाली, शिवला तेव्हा होता तिथेच. हेमलता खूश झाली. चला, एक काम वाचलं.

मग एका दुपारी ती नयनाची नखं काढायला बसली आणि तिच्या लक्षात आलं, नखं काढायची नाहीतच. मागची कधी काढली होती? आठवून आठवून ती दसऱ्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत मागे गेली.

तिनं रत्नाकरला सांगितलं. तो हसला. दाराच्या चौकटीवर नयनाच्या उंचीची पेन्सिलीची खूण होती, दसऱ्याची. त्यानं पोरीला चौकटीला उभं केलं आणि पुन्हा खूण केली. पेन्सिल जुन्या रेघेवरूनच गेली.

"थांबते कधीकधी वाढ," तो म्हणाला.

पण गडी इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातून कॅलिपर मागून आणलं आणि नयनाचं पाऊल मोजलं. साडेपाच इंच दोन सूत. पुढच्या रविवारी साडेपाच इंच दोन सूत. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. असे बावीस रविवार तो त्या चौकातल्या उजेडात उकिडवा बसून मोजत राहिला. शेवटी शेवटी तो आकडा मोठ्यानं म्हणायचा बंद झाला.

डॉक्टर म्हणाले, पोर निरोगी आहे. दूध वाढवा, हवेत फिरवा.

हवेत काय फिरवणार? चैत्राच्या रखरखीत उन्हात, मागचंपुढचं दार सताड उघडं असताना, नयना चौकात बसून म्हणायची, "आई, दार उघड."

"उघडंच आहे गं राणी."

"हे नाही."

आणि तिच्या केसांना वास यायला लागला. शिकेकाईनं धुवा, रिठ्यानं धुवा, तासाभरात परत तोच. कापराचा, आणि त्याच्या मागून मिरीचा.

"माझ्या पायावर कोण बसलंय?" एकदा जेवताना तिनं विचारलं.

"कोणी नाही. भात खा."

"राजा बसलाय," नयना म्हणाली. "त्याला म्हणावं, सरक."

हेमलताच्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवशी तिला कळलं. कळलं म्हणजे काय, तर जे तीन महिने कळत होतं ते कळून घ्यावं लागलं. पण अक्कांसमोर जाऊन, मी तुमच्या पेटीत खोटं घातलंय, हे सांगायचं कसं? चौक ओलांडायला बारा पावलं. ती निम्म्यातून चार वेळा परत आली. आणखी दोन महिने गेले.

श्रावणात नयना दुपारची उठेनाशी झाली. हात अंगाशी सरळ, पाय जुळलेले, चेहरा वर. कुणीतरी नीट घडी करून ठेवावं तशी. पहिल्यांदा चार वाजेपर्यंत. मग सहापर्यंत. एका गुरुवारी सकाळीच ती उठली नाही. रत्नाकर कामावर गेलेला. हेमलतानं हाका मारल्या, गालावर पाणी शिंपडलं. श्वास चालू होता, पण अगदी थोडा, जपून वापरल्यासारखा.

तेव्हा मात्र ती बारा पावलं एका दमात गेली.

अक्का वाती वळत होत्या.

"अक्का, ते कापड कोरं नव्हतं."

अक्कांनी हातातली वात पूर्ण वळली, तबकात ठेवली, मग वर पाहिलं. "कुणाचं?"

"नयनाचं. वर्षभर घातलेलं."

"अय्यो, हेमू." त्या रागावल्या नाहीत, हेच हेमलताला सोसेना. "विचारलं होतं की गे मी तुला. दोन बोटांत धरून विचारलं."

"शिव्या द्या मला, पण पेटी उघडा."

"मध्येच उघडू नये." पण असं म्हणत म्हणतच त्यांनी कमरेची किल्ली काढली.

झाकण दोघींनी मिळून उचललं. वर लुगड्यांचे बोळे, मग राणी, मग शिपाई, मग राजा. राजाला उचलताना तो हेमलताला वाटला होता त्याहून जड लागला. खाली पिवळा फ्रॉक.

हेमलता शिवणारी बाई. कुठे किती टाके, कुठे किती माया सोडली, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. घोट्यापर्यंत शिवलेला तो फ्रॉक आता बाहुलीच्या गुडघ्यावर होता. काखेत शिवण उसवली होती. ओढून उसवलेली नव्हे. आतून भरत भरत उसवते तशी, एकेक टाका ताणून. तिथून सावरीचा कापूस डोकावत होता. हेमलतानं वीत लावून पाहिली. दीड वीत आणि वर चार बोटं.

बाहुली ऊबदार होती.

तिनं ती छातीशी धरली आणि मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "नयना!"

उत्तर नाही.

"आधी पेटी लागली पाहिजे," अक्का म्हणाल्या. "उघडी पेटी म्हणजे तिच्या लेखी अजून सगळी आतच."

त्यांनी भराभर सगळ्यांना परत ठेवलं, झाकण टेकवलं. ते बसलं नाही. चार बोटांची फट राहिली. अक्कांनी त्यावर जोर दिला, हेमलता चक्क बसली वर. आत काही अडकलेलं नव्हतं. फट तेवढीच.

"एक कमी आहे," अक्का म्हणाल्या.

हेमलता धावत जाऊन कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा घेऊन आली. पाच मिनिटांत बोळा वळून, डोकं बांधून बाहुली केली, आत ठेवली. झाकण बसलं नाही.

तिनं पाण्याचा तांब्या ठेवून पाहिला. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ठेवून पाहिला.

"कोरं नको झालंय तिला," अक्का हळूच म्हणाल्या. "पेटीला ऊब कळली गे."

"मग माझं घेईल."

"हेमू, अंगातलं नको. ऐक माझं. संध्याकाळी रत्नाकर आला की—"

"संध्याकाळपर्यंत ती श्वास पुरवेल का, अक्का?"



हेमलतानं खोलीत जाऊन अंगातलं डाळिंबी पोलकं काढलं, दुसरं चढवलं. काढलेलं अजून गरम होतं. नयनाच्या उशाशी बसून तिनं ते कापलं. आयुष्यात इतक्या वेगानं ती कधी शिवली नव्हती. कापूस भरला. काळ्या लोकरीचे केस. डोळे करायला बटणं शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून दोऱ्याचेच काढले. मिटलेले.

बाहुली राजाच्या खाली ठेवली.

झाकण अलगद बसलं. दोघींपैकी कुणाचाच हात त्याला लागलेला नव्हता.

मागच्या खोलीतून नयनाचा आवाज आला, "आई, भूक!"

त्या आठवड्यात हेमलतानं दिवाळीच्या फ्रॉकचा दाब उसवला. पंधरा दिवसांत फ्रॉकही लहान झाला. पोर वर्षाची बाकी अशी भरून काढत होती की रत्नाकरनं रविवारी कॅलिपर लावलं आणि त्याचे डोळे भरून आले. हेमलतानं पिवळ्या बाहुलीचा टाका न् टाका उसवून कापूस परसातल्या विहिरीपलीकडे पुरला. राहिलेले बटणांचे डोळे डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला. पुन्हा खेळणी केली नाहीत.

तिची नखं वाढत नव्हती. पण मोठ्या माणसाच्या नखांकडे लक्ष कोणाचं असतं?

चौसष्ट साली नाशिकला नवा कारखाना निघाला आणि रत्नाकरला बढतीवर बोलावणं आलं. आपला मुलूख, आपली माणसं. सामान बांधलं, पुण्याच्या मेलमध्ये बसले. यशवंतपूरपर्यंत हेमलता नयनाला गाणी म्हणून दाखवत होती. पुढे तिचे हात जड झाले. तुमकूर यायच्या आत ती बाकावर सरळ झाली होती, हात अंगाशी, पाय जुळलेले, आणि ओठ हलवून काहीतरी सांगत होती. रत्नाकरनं कान लावला.

"दार उघडा," ती म्हणत होती.

डब्याचं दार उघडंच होतं.

तुमकूरला उतरून ते उलट गाडीनं परतले. रत्नाकरनं बढती नाकारली, कारण काय ते साहेबाला सांगितलं नाही, बायकोला विचारलं नाही. अकराव्या क्रॉसच्या त्याच दोन खोल्यांत सामान परत लागलं. बाहेरगावी म्हणून हेमलता पुढे कधी गेली नाही. भावाच्या लग्नाला नाही, आई गेली तेव्हा नाही.

अक्का आता बाजेवरून उठत नसत, पेटीची किल्ली हेमलताच्या कमरेला आली होती. नवरात्राचे नऊ दिवस तिचे मोकळे जात. त्या दिवसांत ती गल्लीभर फिरायची, मोठ्यानं हसायची, दोन वेळा जेवायची. दहाव्या दिवशी दिवेलागणीला स्वतःच्या हातानं सगळ्यांना निजवायची, आपल्याला राजाखाली ठेवायची, आणि झाकण लावून झालं की भिंत धरून खोलीकडे जायची. दर वर्षी पेटी उघडताना ती आधी एकच गोष्ट बघे. सहासष्ट साली डाळिंबी बाहुलीच्या काळ्या लोकरीत दोन पांढरे धागे होते. अडुसष्ट साली मूठभर. पोलकं खांद्यावर सैल पडलेलं.

शेजारच्या जमनाबाई मात्र म्हणत, "बंगलोरची हवा मानवली हो तुम्हाला. पंचविशीच्या पुढे जायचं नाव नाही." त्या नयनाला तिची धाकटी बहीण म्हणून चिडवत.

एकोणसत्तर साल उजाडलं तेव्हा नयना तेराव्या वर्षात होती, उफाड्याची, उंचीनं आईच्या कानापर्यंत आलेली. शाळेच्या गॅदरिंगला आईचं निळं पोलकं घालून गेली ते तिनं ठेवूनच घेतलं, आणि पुढे आठ महिने तेच तिच्या अंगात असायचं.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी हेमलतानं पायऱ्या मांडल्या, धोतर अंथरलं, सगळ्यांना बसवलं. डाळिंबी बाहुली चौथ्या पायरीवर, मधोमध, समोर तोंड करून. दोन्ही बाजूंना वाणी आणि शिपाई, अगदी खेटून. जागा कमी पडत होती. मग ती नव्या बाहुलीसाठी आणि फुलांसाठी आठव्या क्रॉसला गेली. तासाभरात परतली. हातात मातीची गवळण होती.

दालनात नयना दोऱ्याचं टोक दातांनी तोडत बसली होती. शेजारी माळ्यावरचा बटणांचा डबा.

"आई, ओळख पाहू काय केलंय! अक्का म्हणाल्या, दर वर्षी एक नवी लागते. तुझं निळं पोलकं मला काखेत काचायला लागलं होतं ना, तेच घेतलं. पण कळतच नाहीये, इतकी मस्त कांजी केली मी."

हेमलतानं गवळण खाली ठेवली. "अक्कांनी काही विचारलं?"

"हो, दोन बोटांत धरून. कोरं ना गे, म्हणाल्या." नयना हसली. "मी म्हटलं, कोरंच."

"कुठे ठेवलीस?"

"चौथ्या पायरीवर."

"तिथे जागा नव्हती."

"होती की," नयना म्हणाली.

हेमलतानं वर पाहिलं. वाणी आणि शिपाई जिथल्या तिथे होते. डाळिंबी बाहुली तेवढी एका अंगाला सरकून, किंचित वळून बसली होती. आणि तिनं केलेल्या जागेत, तिला टेकून, निळी बसली होती.